नव्याचे नऊ, जुन्याचेही नऊ

आमच्या पार्किंगमध्ये गेली चौदा वर्षं एक काळपट राखाडी डिझेल एसयूव्ही उभी आहे. अण्णांनी ती २०१२ मध्ये घेतली तेव्हा ते नोकरीत होते, ताई कॉलेजात होती आणि मी दहावीत. रंग आणि आकार पाहून आईने पहिल्याच दिवशी तिला ‘हत्तीण’ म्हटलं, ते नाव कायमचं चिकटलं. आज तिचा आकडा १ लाख ७० हजार किलोमीटरच्या पुढे गेलाय. दोन महिन्यांपूर्वी क्लचप्लेट आणि पुढचे दोन्ही लोअर आर्म बदलले. फिटरचं बिल ३८ हजार झालं. त्या दिवसापासून घरात रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय निघतो : हत्तीण ठेवायची की विकून हायब्रिड घ्यायची?

ताईने एका हायब्रिड एसयूव्हीचं कोटेशन आणलं आहे. अण्णा ते चष्मा लावून वाचतात आणि चष्मा काढून बाजूला ठेवतात. मी बँकेत आहे, म्हणून वही आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे. आईचं मत कुणी विचारलं नव्हतं. मागच्या रविवारी ताई आणि अण्णा समोरासमोर बसले. जे झालं ते जसंच्या तसं देतो, कारण हा वाद फक्त आमच्याच घरात चालू असेल असं मला वाटत नाही.

ताई : अण्णा, अडतीस हजार रुपये. आणि एवढं करून शहरात लिटरला नऊ. हत्ती पोसणं म्हणतात ते हेच.

अण्णा : हत्तीण आहे खरी, पण फिटलेली. शेवटचा हप्ता जाऊन नऊ वर्षं झाली. तुझ्या कोटेशनमधली हत्तीण सात वर्षं बँकेच्या दावणीला राहणार आहे.

ताई : ती नऊ नाही देत. सत्तावीस पूर्णांक सत्त्याण्णव देते. हे बघा, छापलंय. ग्रँड व्हिटारा घ्या नाहीतर हायरायडर, दोन्हींत हायब्रिड यंत्रणा तीच. २०२२ मध्ये आल्या, बिडदीच्या एकाच कारखान्यात बनतात.

अण्णा : छापलेलं ॲव्हरेज मला सांगू नकोस. वेताळ टेकडीवर फिरायला जातो तेव्हा गाड्या तपासणाऱ्या एआरएआयची प्रयोगशाळा रोज दिसते. अशा ठिकाणी गाडीची चाकं रोलरवर फिरवतात, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळात. रोलरला खड्डे नसतात, आणि पुढे पीएमटीची बसही आडवी येत नाही. सिंहगड रोडवर किती देते ते सांग.

ताई : ऑफिसात दोघांकडे आहे. शहरात बावीस ते चोवीस, हायवेला वीसच्या आसपास.

अण्णा : उलटं सांगतेयस. हायवेला जास्त, शहरात कमी, असं असतं.

ताई : आपल्या गाडीचं तसं असतं. हिचं खरंच उलटं आहे. आपण सिग्नलला उभे राहिलो की हत्तीण जागच्या जागी डिझेल पिते. हिचं इंजिन थांबलं की बंद होतं. पुढे दहा फूट सरकायचं असेल तर मोटारीवर सरकते, इंजिन उठतच नाही. ब्रेक दाबला की मोटार उलटी जनरेटर होते आणि गाडीचा वेग बॅटरीत भरून ठेवते. आपण ब्रेक दाबतो तेव्हा तोच वेग ब्रेकपॅड तापवण्यात वाया जातो. शहरात ब्रेक जास्त, म्हणून तिची कमाई जास्त. हायवेला ब्रेकच लागत नाही, मग इंजिनलाच राबावं लागतं.

अण्णा : म्हणजे जितकी रहदारी वाईट, तितकी गाडी चांगली.

ताई : तसंच समजा. आणि यात क्लचप्लेट नाही. स्टार्टर नाही. अल्टरनेटरही नाही.

अण्णा : स्टार्टर नाही? मग सुरू कशी होते, ढकलून?

ताई : आत दोन मोटारी असतात. एक चाकं फिरवते. दुसरी इंजिन उठवते आणि वीजही बनवते, म्हणजे स्टार्टर आणि अल्टरनेटर दोन्हींचं काम तीच करते. इंजिन आणि या दोन मोटारी एका गिअरच्या संचात जोडलेल्या असतात. मध्ये एक दातेरी चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं, बाहेरून एक कडं. ग्रहमालेसारखं. कुणी किती जोर लावायचा हे त्या संचातून आणि संगणकातून ठरतं. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली तेव्हापासून हीच कल्पना चालत आलीय. हे काही कालचं खूळ नाही.

अण्णा : कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. बॅटरी केवढी?

ताई : पाऊण युनिटची. ०.७६ किलोवॉट-तास.

अण्णा : एवढीशी? आपला गिझर तेवढी वीज वीस-पंचवीस मिनिटांत खातो.

ताई : ती लांब पळण्यासाठी नाहीच. घ्यायची आणि लगेच परत द्यायची, एवढंच तिचं काम. म्हणून तर चार्जिंगला लावावी लागत नाही. वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर.

अण्णा : (माझ्याकडे बघून) आपल्या हत्तिणीचा आकडा किती?

मी : एक लाख सत्तर.

अण्णा : म्हणजे हिची वॉरंटी जिथे संपते, त्याच्या दहा हजार किलोमीटर पुढे माझी गाडी उभी आहे. आणि काल खंबाटकी तिसऱ्या गिअरवर चढली.

ताई : वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी मेली असं नसतं. पण खंबाटकीचं मान्य. सलग चढाला ती बॅटरी थोड्या वेळात रिकामी होते, मग तीन सिलिंडरचं दीड लिटरचं इंजिन एकटं ओढतं आणि आवाज करतं.

अण्णा : आणि मेढ्याच्या पुढचा आपल्या गावचा रस्ता? जुलैत बघितलायस ना? मागे इंद्रायणीची चार पोती, वर कॅरिअरवर पत्रे, पोटात सात माणसं. तुझ्या गाडीत मागे बॅटरी बसवलीय, त्यामुळे डिकी लहान. पोती ठेवायची कुठे, तुझ्या मांडीवर?

ताई : पोती वर्षातून दोनदा येतात अण्णा. हिंजवडीला मी वर्षातून दीडशे वेळा जाते.

इथे मी दोघांना थांबवलं. वाद भावनेवर चालला होता आणि वही कोरी होती. ताईच्या वाक्यात मात्र पहिल्यांदा आमच्या फिरण्याचा एक आकडा आला होता. मी विचारलं, आपण वर्षाला नक्की फिरतो किती आणि कुठे? दोघांनाही सांगता आलं नाही. अण्णांना लिटरला किती ते तोंडपाठ होतं, ताईला कोटेशनमधली प्रत्येक ओळ पाठ होती. किलोमीटर कुणीच मोजले नव्हते.

ते मोजले. गावाला महिन्यातून दोन फेऱ्या, फेरीला २८० किलोमीटर, म्हणजे वर्षाला साधारण ६,७००. ताईच्या कंपनीचं धोरणही हायब्रिडच आहे : तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, म्हणजे वर्षाला साधारण ६,२००. बाकीची कामं स्कूटरवर होतात. एकूण १२,९००.

हिशेबासाठी डिझेल ९१ रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं. हत्तीण हायवेला तेरा देते, शहरात नऊ. हायब्रिड हायवेला वीस आणि शहरात तेवीस देईल असं मानलं. वहीत असं उतरलं :

गावाच्या फेऱ्या : हत्तीण ५१५ लिटर, ४६,९०० रुपये. हायब्रिड ३३५ लिटर, ३४,८०० रुपये.
हिंजवडी : हत्तीण ६८९ लिटर, ६२,७०० रुपये. हायब्रिड २७० लिटर, २८,१०० रुपये.
वर्षाची बचत : ४६,७०० रुपये.

ताई : बघा! महिन्याला जवळजवळ चार हजार.

अण्णा : आणि हप्ता?

मी : ऑन रोड साडेवीस लाख. हत्तिणीचे साडेतीन येतील, साठवलेले तीन घातले, तर कर्ज चौदा लाख. नऊ टक्क्यांनी सात वर्षं. महिन्याचा हप्ता साडेबावीस हजार.

अण्णा : चार हजार वाचवायला साडेबावीस हजार. हे गणित मला चौथीतसुद्धा आलं असतं.

ताई : थांबा, हे बरोबर नाही. हप्ता म्हणजे सगळा खर्च नव्हे. सात वर्षांनी माझ्या हातात एक गाडी असेल, ती सात-साडेसात लाखांना तरी जाईल. तेव्हा तुमची हत्तीण भंगारात असेल. तुलना करायची तर घसारा धरून करा.

तिचं म्हणणं खरं होतं. गाडीच्या खर्चात इंधन डोळ्यांना दिसतं, कारण ते दर आठवड्याला खिशातून जातं. घसारा दिसत नाही, पण नव्या गाडीत सगळ्यात मोठा खर्च तोच असतो. मी सात वर्षांचा ताळा पुन्हा मांडला. हायब्रिड : घसारा १३ लाख, व्याज ४.९ लाख, पेट्रोल ४.४ लाख, विमा आणि सर्व्हिसिंग मिळून ३.९ लाख. एकूण २६ लाखांच्या थोडं वर. हत्तीण : डिझेल ७.७ लाख, विमा आणि दुरुस्त्या ४.२ लाख, इंजिनाचं एखादं मोठं काम निघालं तर दीड लाख, घसारा अडीच लाख. एकूण १६ लाखांच्या आत.

अण्णा : दहा लाखांचा फरक. आणि कोटेशनची पाटी काय म्हणते? ‘बचत’.

ताई : त्यातले अर्ध्याहून जास्त सरकारचे आहेत, ते कुणी बोलत नाही. एक्स-शोरूम साडेसतरा लाख. त्यात जीएसटी चाळीस टक्के, म्हणजे पाच लाख. वर महाराष्ट्राचा मोटार वाहन कर बारा टक्के, म्हणजे आणखी दोन लाख दहा हजार. सात लाख दहा हजार निव्वळ कर. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी पाच टक्के. अर्धं पेट्रोल वाचवणारी गाडी आणि पेट्रोल ढोसणारी मोठी गाडी, दोघींना कराचा पट्टा एकच. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणीचा कर माफ केला. आपल्याकडे भरायचा.

अण्णा : मग इलेक्ट्रिकच घे की.

ताई : सोसायटीच्या सभेत चार्जरचा विषय तीनदा पुढे ढकलला. अध्यक्ष तुम्हीच आहात.

अण्णांनी पाण्याचा ग्लास उचलला. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी माझ्याकडून वही घेतली.

अण्णा : फिटर म्हणतो, इंजेक्टर साफ केले, ब्रेक घासत होते ते सोडवले, टायरमध्ये हवा नीट ठेवली, तर नऊची अकरा होईल. पूर्वी अकराच द्यायची.

ताई : नऊची अकरा! दोनने काय होणार?

अण्णा : शंभर किलोमीटरला किती लागतं ते बघ. नऊने अकरा लिटर. अकराने नऊ लिटर. दोन लिटर वाचले. आता तुझी वीसची गाडी घे आणि कंपनीने ती छापल्यासारखी अठ्ठावीस केली असं समज. वीसने पाच लिटर, अठ्ठावीसने साडेतीन. दीड लिटर वाचलं. माझ्या दोनच्या वाढीने तुझ्या आठच्या वाढीपेक्षा जास्त तेल वाचलं.

ताई गप्प झाली. मीही झालो. ॲव्हरेजचा आकडा असा फसवतो. रिक लॅरिक आणि जॅक सोल या दोन अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात नेमकी हीच गोष्ट मांडली होती : लिटरला किती किलोमीटर यापेक्षा शंभर किलोमीटरला किती लिटर, हे मोजलं तर माणूस बरोबर निर्णय घेतो. अण्णांनी तो लेख वाचलेला नाही. त्यांनी चाळीस वर्षं पंपावर उभं राहून मोजलं आहे.

पण त्याच गणिताची दुसरी बाजू ताईने लगेच पकडली.

ताई : मग हेही लिहा. हत्तीण शहरात खाते तेवढं कुठेच खात नाही. शहरात हायब्रिडने किलोमीटरमागे साडेपाच रुपये वाचतात, हायवेला दोनसुद्धा नाहीत. तुमच्या गावच्या फेरीसाठी मी गाडी बदलायला सांगतच नाहीये. आणि पैशाचं सोडा. तुम्ही गाडी कोणत्या वर्षी घेतली?

अण्णा : २०१२.

ताई : त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला. माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा गट. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. आपली गाडी बीएस-४. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हा डिझेल मोटारींच्या धुरातल्या कणांची मर्यादा ऐंशी टक्क्यांहून जास्त खाली आली. नव्या डिझेल गाडीत काजळी धरायला गाळणी असते. आपल्या गाडीत नाही. सकाळी साडेआठला मी शाळेच्या व्हॅनच्या पुढे उभी असते, माझा धूर मागच्या मुलांच्या नाकात. तुमचं अकराचं ॲव्हरेज त्याला काय करणार?

अण्णा : (जरा थांबून) पीयूसी असते माझी.

ताई : पीयूसी धूर किती काळा आहे ते बघते. ती नाकात जाणारे बारीक कण मोजत नाही.

अण्णा : बरं. पण तू विकलीस तर ती धूर ओकायची थांबणार आहे का? एजंट ती बीड-परभणीकडे विकेल. तिथला माणूस आणखी दहा वर्षं चालवेल. आपला धूर फक्त जिल्हा बदलेल. आणि नवी गाडी बनवायला लोखंड, काच, प्लास्टिक, बॅटरी लागते, ते काय हवेतून येतं?

हा मुद्दा वहीत घालण्यासारखा होता. लिटरभर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा २.३ किलो. आमच्या फिरण्यात हत्तीण वर्षाला सव्वातीन टन सोडते, हायब्रिड १.४ टन सोडेल. फरक साधारण १.९ टनांचा. एक मोटार बनवताना ढोबळमानाने सहा ते आठ टन निघतात, म्हणजे ते देणं फेडायला हायब्रिडला चार वर्षं लागतात. त्यानंतर ती खरोखर फायद्यात येते, पण जुनी गाडी रस्त्यावरून उतरली तरच. ती अधिकृत केंद्रात मोडीत काढली तर जमा प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या खासगी गाडीच्या करात सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमात ही सवलत पंचवीस टक्क्यांपर्यंत आहे. पण मोडीत काढणारा साडेतीन लाख देत नाही, एजंट देतो. त्यामुळे बहुतेक हत्तिणी परभणीला जातात.

ताई : आणि जिवाचं? आपल्या मॉडेलमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही. कोटेशनमधल्या गाडीत सहा एअरबॅग आहेत.

अण्णा : एवढी अवजड गाडी आहे. समोरच्याचं काय व्हायचं ते होईल.

ताई : २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातली पाच मॉडेलं आपटून पाहिली. पाचही शून्य तारे. त्यांत एक चांगली दणकट मोठी एसयूव्ही होती. जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे अण्णा. पत्रा जाड असला तरी आतला माणूस पुढे फेकला जातोच. एबीएस नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं झालं, ते उगाच नाही. वर्षाला दीड लाख जास्त जातात म्हणता ना? ते पेट्रोल वाचवायला नाही, यासाठी जातात असं समजा.

त्या दिवसातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य मला हे वाटलं. दोन महिने ताई हायब्रिडला बचत म्हणत होती आणि अण्णा ती बचत खोटी ठरवत होते. दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडत होते. आमच्यासारख्या घराला हायब्रिड ही बचत नाही, तो खर्च आहे. महिन्याला साधारण बारा हजारांचा. त्या बारा हजारांत कमी धूर, सहा एअरबॅग, बिनक्लचचं चालवणं आणि शांतता मिळते. हे विकत घेण्यासारखं नाही असं कोण म्हणेल? फक्त त्याला बचत म्हणू नये.

एवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आई : तुमचं झालं असेल तर मी बोलू? मला त्या हत्तिणीत चढता येत नाही. गुडघा दुखतो. दर वेळी अण्णा म्हणतात, पकड ते हँडल आणि घे उडी. चौसष्टाव्या वर्षी उडी?

अण्णा : हे तू कधी बोलली नाहीस.

आई : कुणी विचारलं? आणि मागे बसून पट्टा कुणीच लावत नाही, तो सीटच्या खाली कुठेतरी आत गेलाय. आधी तो बाहेर काढा, मग एअरबॅगवर भांडा. आणखी एक. हिच्या कंपनीची बस राजाराम पुलावर येते ना?

ताई : सव्वासातला येते, आई. सव्वासातला!

आई : महिन्याचे किती घेतात?

ताई : दीड हजार.

मी वही पुढे ओढली. हिंजवडीचं डिझेल वर्षाला ६२,७०० रुपये. बसचे १८,०००. वाचले ४४,७००. हायब्रिड घेऊन वाचणार होते ४६,७००. दोन हजारांचाच फरक, आणि तोही साडेवीस लाखांची गाडी न घेता. धुराचं पाहिलं तर हत्तीण फक्त गावाला गेली की वर्षाला १.४ टन सोडते. हायब्रिडने गाव आणि हिंजवडी दोन्ही करून तेवढाच सोडला असता. बसमधला ताईचा वाटा त्यात मिळवावा लागेल, पण त्या बसमध्ये आणखी चाळीस जण बसलेले असतात. आणि शाळेच्या व्हॅनपुढे हत्तीण उभी राहणार नाही.

ताई : म्हणजे अण्णा जिंकले.

अण्णा : जिंकलो कसला. माझी गाडी शहरातून तडीपार झाली.

निकाल असा लिहिला, आणि दोघांनी त्यावर सही केली. हत्तीण राहील, पण गावापुरती. शहरात नेहमीच्या कामाला निघणार नाही. मधल्या आणि मागच्या सगळ्या सीटचे पट्टे या महिन्यात बाहेर निघतील किंवा नवे बसतील, आणि पट्टा नसलेल्या जागेवर कुणी बसणार नाही. हायवेला ताशी ऐंशीच्या वर नाही, रात्री घाट नाही. दाराखाली फूटस्टेप बसेल, आईसाठी. २०२७ मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होतील. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये बंदी आणली होती, तशी महाराष्ट्रात नाही. इथे पासिंग करून, नोंदणीचं पाच हजार शुल्क आणि पर्यावरण कर भरून पुढची पाच वर्षं मिळतात. पण त्या पासिंगआधी ही वही पुन्हा उघडायची, आणि तेव्हा हत्तीण गेलीच तर परभणीला नाही, मोडीत. चार्जरचा विषय येत्या सभेत पहिला येईल. हे कलम ताईने घातलं.

हा निकाल आमच्या किलोमीटरचा आहे, सगळ्यांचा नाही. ज्याच्याकडे जुनी गाडी नाहीच, त्याने हायब्रिडची तुलना दुसऱ्या नव्या पेट्रोल गाडीशी करावी. तिथे प्रश्न वीस लाखांचा नसून दोन-तीन लाखांच्या फरकाचा असतो, आणि शहरात भरपूर फिरणाऱ्याला तो भरून निघतो. ज्याची जुनी गाडी शहरातच महिन्याला तीन हजार किलोमीटर पळते, त्याने आमचंच गणित घालून पाहावं. त्याला हायब्रिड खरोखर बचत ठरेल. आणि ज्याच्या घरात लहान मुलं रोज त्या जुन्या गाडीतून जातात, त्याने पैशाचा ताळा नंतर मांडावा.

शोरूममध्ये जाण्याआधी एक काम करा. वर्षभराचे किलोमीटर दोन रकान्यांत लिहा : शहरातले एका बाजूला, बाहेरचे दुसऱ्या बाजूला. आम्हाला त्याला वीस मिनिटं लागली. त्याआधी आम्ही दोन महिने भांडत होतो.